साडेपाच किलो हौस

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ पदक मिळवलं. पन्नास मीटर रायफल, थ्री पोझिशन, अंतिम फेरीत ४५१.४ गुण. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, नोकरी तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनिसाची. उभ्या महाराष्ट्राला आनंद झाला, लोकांनी पेढे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागले. माझं तसं झालं नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून वैयक्तिक पदक आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरं मिळायला बहात्तर वर्षं गेली, हा हिशेब पेपरात वाचल्यापासून मला स्वस्थ बसवेना. तिसऱ्यासाठी एवढं थांबून चालणार नव्हतं, आणि आमच्या सोसायटीत त्यातल्या त्यात मोकळा मीच होतो.

खेळ निवडला तोही विचार करूनच. कुस्तीला दम लागतो, धावायला गुडघे लागतात, बॅडमिंटनला निदान खाली पडलेलं फूल उचलावं लागतं. नेमबाज एका जागी उभा राहतो आणि एक बोट हलवतो. बँकेत मी नोकरीभर हेच केलं, फक्त बसून.

अडचण पहिल्याच पायरीवर आली. कुसाळेची रायफल .२२ ची, म्हणजे काडतुसाची. तिला शस्त्रपरवाना लागतो. परवाना म्हणजे अर्ज, पोलीस चौकशी आणि 'शस्त्र कशासाठी हवे?' असा एक रकाना, ज्यात 'पेपर वाचून' असं लिहिता येत नाही. पण एअर रायफल .१७७ बोअरची, म्हणजे साडेचार मिलिमीटरचा छर्रा सोडणारी असेल आणि तिची ताकद वीस जूलच्या आत असेल, तर परवान्याची भानगड नाही. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण घेतलं ते एअर रायफलनेच, दहा मीटरवरून; शेवटची गोळी १०.८. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला, तोही ह्याच प्रकारात. हे कळल्यावर पन्नास मीटर हे अंतर मला उगाचच लांबचं वाटायला लागलं.

दुकानात गेलो. भिंतीवर रायफली ओळीने टांगलेल्या.

"माकडं की कबुतरं?" दुकानदाराने मान वर न करता विचारलं.

"ऑलिंपिक," मी म्हणालो.

आता त्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं आणि एक रायफल काढून काउंटरवर ठेवली. "मग ही घ्या. कोकणात भरपूर जाते."

ती स्प्रिंगची होती. नळी मधोमध मोडून खाली ओढायची, छर्रा भरायचा, नळी परत खटकन बसवायची आणि चाप ओढायचा. दणका असा की खांद्याला कळावं. मला दणका आवडला. तिच्यावर दुर्बीणही बसवून घेतली, कारण दुर्बीण असली की नेम धरायचं काम तीच करते अशी माझी समजूत होती. आधारकार्डाची झेरॉक्स दिली, पावती घेतली आणि घरी आलो.

"हे काय आणलंत?"

"क्रीडासाहित्य."

मग टेप घेऊन घर मोजलं. आमच्या टू बीएचकेत सलग दहा मीटर कुठेच नाहीत. बिल्डरने दाखवलेला कार्पेट एरिया बहुधा कोपऱ्याकोपऱ्यांनी मोजलेला असावा. एकच रेघ कशीबशी जमत होती. मी बाथरूममध्ये भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दार उघडं ठेवायचं, आणि छर्रा पॅसेज ओलांडून, हॉल ओलांडून, देवघराखाली ठेवलेल्या रद्दीच्या खोक्यात.

"देवांना हेल्मेटं आणू का?" बायकोने विचारलं, आणि घरात एकही छर्रा फुटणार नाही हे तिथेच ठरलं.

तेव्हा मी रोज संध्याकाळी रिकामीच रायफल उडवायचो. खटाक. नेम पक्का होतोय असं वाटायचं. प्रत्यक्षात स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढे धावतो, तेव्हा छऱ्यामागे कोंडलेली हवा त्याला आवरते; छर्रा नसेल तर पिस्टन थेट आतल्या भिंतीवर जाऊन आदळतो. म्हणजे मी रोज संध्याकाळी, चहाच्या आधी, स्वतःच्या रायफलीचा आतून कोथळा काढत होतो. हे मला रेंजवर कळलं.

बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मोठी रेंज आहे आणि तिथे खरे नेमबाज येतात. म्हणून मी घराजवळच्या एका तळघरातल्या रेंजवर नाव घातलं. तिथल्या कोच मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझी रायफल हातात घेतली, एकदा हलवली, कान लावून ऐकलं. आत काहीतरी वाजत होतं.

"काका, ही घरीच असू द्या."

"दुर्बीण तरी?"

"स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. आणि ही तशीही गेलीय."

स्प्रिंगची बंदूक आधी मागे झटका देते आणि पिस्टन आपटला की पुढे. साधी दुर्बीण मागच्या झटक्याच्या हिशेबाने बांधलेली असते, पुढच्या झटक्याने तिची भिंगं जागची हलतात. माझ्या दुर्बिणीतली अधिकची खूण एव्हाना गुणाकाराची झाली होती. मला वाटत होतं मीच रायफल तिरकी धरतोय.

दहा मीटरच्या रायफलीला पुढे एक छोटं नळकांडं असतं आणि त्यात एक कडी. मागे डोळ्याजवळ बारीक भोक. भोकातून कडी बघायची आणि कडीच्या मध्ये निशाणाचा काळा गोल तरंगत ठेवायचा. गोलाच्या भोवती पांढरं सगळीकडून सारखं दिसलं की चाप. सांगायला इतकं सोपं आहे. त्या काळ्या गोलाच्या मधोमध दहाचा ठिपका आहे तो अर्ध्या मिलिमीटरचा. पेन्सिलीचं टोक टेकवलं तरी झाकला जाईल एवढा. साडेचार मिलिमीटरचा छर्रा त्यावर बरोब्बर मध्ये बसला तर १०.९, त्याच्या वर गुण नाहीत. अशा साठ गोळ्या, पंचाहत्तर मिनिटांत, सगळ्या उभ्याने.

उभं राहणं हे स्वतंत्र प्रकरण. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, म्हणजे रायफलीचं वजन स्नायूंवर न येता हाडांवरून खाली जमिनीत उतरतं. मॅडमनी माझं कोपर धरून जागा दाखवली. "इथे. हाडावर." मी दाबलं. कोपर आत गेलं. आणखी आत गेलं. मॅडमनी दोन बोटांनी चाचपून बघितलं आणि शेजारी सराव करणाऱ्या आठवीतल्या एका मुलीला बोलावून तिच्या कमरेवर जागा दाखवली. "काका, असं इथे हाड असतं." असेल. माझं फार वर्षांत कुणाच्या नजरेला पडलेलं नाही.

"पाच-सहा महिने क्लबचीच रायफल वापरा," मॅडम म्हणाल्या. "काही विकत घेऊ नका. मग बघू."

ह्याहून शहाणा सल्ला नेमबाजीत कुणी कुणाला दिला नसेल. पण उसन्या रायफलीवर पोडियम चढणं मला बरं दिसेना, आणि त्याच आठवड्यात एक गृहस्थ भेटले. त्यांचा मुलगा राज्य स्पर्धेपर्यंत खेळलेला. मग नीटच्या क्लासला लातूरला गेला आणि नेमबाजी सुटली. रायफल, जाकीट, पँट, बूट, ग्लोव्ह, सगळं पेटीत पडून. जर्मन रायफल, नवी घ्यायची तर दोन लाखांच्या पुढे. "सगळं एकदम उचललंत तर कमी करतो," ते म्हणाले. मी एकदम उचललं. घरी जो आकडा सांगितला तो खऱ्या आकड्याचा धाकटा भाऊ होता.

मुलगा सोळा वर्षांचा आणि सडसडीत होता, ह्या तपशिलाकडे मी दुर्लक्ष केलं.

नेमबाजाचं जाकीट हे कापड नसतं. मालगाडीवरच्या ताडपत्रीला बटणं लावावीत तसा तो प्रकार. जमिनीवर ठेवलं तर आपलं आपण उभं राहतं. ते अंगाला टेकू देतं, छातीचे ठोके रायफलीपर्यंत पोचू देत नाही, म्हणून त्याच्यावर नियमही कडक: जाडी अडीच मिलिमीटरच्या वर चालत नाही, आणि ते आवळून बसवलेलं नको. बटणं लावल्यावर जी जागा येते, तिच्या पलीकडे आणखी सात सेंटीमीटर ते ओढता आलं पाहिजे. मी बटणं लावायला घेतली तेव्हा माझं जाकीट त्या जागेच्या अलीकडे सात सेंटीमीटर थांबलं. मॅडमनी टेप लावून बघितलं. "नियमात सात बसतंय, फक्त उलट्या बाजूने," त्या म्हणाल्या. शेवटी शिंप्याकडून मध्ये एक पट्टा जोडून घेतला. मिळालं ते कापड मरून होतं. जाकीट निळं आणि पांढरं.

पँटची गोष्ट निराळी. ती मी एकदा बसवली आणि मग माझं ढोपर वाकेना. ती वाकू नये अशीच असते; पायांना चेन असतात, त्या उघडल्या की माणूस चालू शकतो, बसू शकतो. चेनचं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. त्या रविवारी रेंज बंद व्हायची वेळ झाली, दिवे घालवायला लागले, आणि पँट काढायची तर आधी खाली बसून बूट सोडायला हवेत. बसता येईना. म्हणून तसाच बाहेर पडलो आणि रिक्षाला हात केला.

"बसा काका."

"बसता येत नाही."

रिक्षावाल्याने खाली उतरून मला नीट बघितलं. मग काखेत हात घालून, आधी डोकं आणि मग पाय, असं मला मागच्या सीटवर तिरकं आत सरकवलं. बूट एका बाजूने बाहेर, रायफलीची पेटी माझ्या छातीवर. कर्वे रोडच्या सिग्नलला शेजारी थांबलेल्या स्कूटरवाल्याने हळहळून विचारलं, "कुठे पडले?" मी तोंड उघडायच्या आत रिक्षावाला म्हणाला, "दोन्ही पाय. हॉस्पिटलवाल्यांनी असंच सोडलं बघा." पुढच्या रस्त्याला त्याने खड्डे चुकवत, इतक्या जपून रिक्षा चालवली की मला खरं सांगायचा धीर झाला नाही. घरी पोचल्यावर त्याने मीटरप्रमाणेच पैसे घेतले. पुण्यात.

मग हवा संपली.

ह्या रायफलीत स्प्रिंग नसते, नळीखाली हवेचा सिलिंडर असतो, २०० बार दाबाचा. दर गोळीला त्यातली चिमूटभर हवा सुटते, म्हणून झटका जवळजवळ नाहीच. क्लबमध्ये भरून मिळते, पण सोमवारी क्लब बंद, आणि मला सोमवारी सराव सुचला. गाडीत पेट्रोल भरायला गेलो होतो, तिथे हवा फुकट असते. पेटी उघडून सिलिंडर काढला.

"किती टाकू?" पंपावरच्या मुलाने नळी हातात घेत विचारलं. त्याचा काटा पीएसआयमध्ये. मी मनातल्या मनात गुणाकार केला.

"दोन हजार नऊशे."

त्याने नळी खाली ठेवली. माझ्या गाडीकडे बघितलं, मग पेटीकडे, मग आत ऑफिसकडे. "काका, कारला बत्तीस टाकतो आपण," तो अगदी हळू, समजूत घालायच्या आवाजात म्हणाला. "ट्रकला शंभर-सव्वाशे. तुमचं आहे काय नेमकं?" एव्हाना मॅनेजर बाहेर आला होता आणि मागची मोटारसायकल दोन पावलं मागे गेली होती. मी पेट्रोल न भरताच निघालो. तसंही त्या सिलिंडरचा नट त्यांच्या नळीला कुठूनच बसला नसता, हे नशीब म्हणायचं.

एवढं साहित्य जमल्यावर गोळ्या दहाच्या आसपास जायला हव्या होत्या. त्या आठच्या, सहाच्या आसपास जात होत्या, आणि काही कार्डाच्या कडेला पांढऱ्या भागात, जिथे गुण नसतात. मॅडमनी एक दिवस मला समोर उभं केलं. "हात लांब करा. दोन्ही तळव्यांत छोटी खिडकी करा आणि त्यातून माझ्या नाकाकडे बघा." मी बघितलं. "काका, तुम्ही डाव्या डोळ्याने बघताय."

आयुष्यभर मी उजव्या हाताने लिहिलं, जेवलो, सह्या केल्या, आणि कारभार डावा डोळा बघत होता. रायफल उजव्या हाताची; डावखुऱ्यांची वेगळी येते, तिची मूठ, गालाची फळी, छर्रा भरायचा दांडा सगळं उलट. म्हणजे उजवा डोळा भोकातून निशाण बघत होता आणि डावा मध्येच तोंड घालून तळघराची भिंत दाखवत होता. मी डावा डोळा घट्ट मिटून घ्यायचो, पण एक डोळा ताणून मिटला की दुसराही थकतो, पाणी येतं.

मी लगेच विचारलं, "डावी रायफल केवढ्याला पडेल?"

मॅडमनी उत्तर दिलं नाही. आतल्या खोलीतून श्रीखंडाचा रिकामा डबा आणला, झाकणाची बोटभर रुंदीची पांढरी पट्टी कात्रीने कापली आणि मागच्या भोकाच्या बाजूला चिकटवली. डावा डोळा उघडा, उजेड दिसतोय, पण निशाण दिसत नाही. गोळ्या त्याच संध्याकाळी काळ्या गोलात आल्या. पट्टीवर 'आम्रखं' एवढी अक्षरं राहिली होती आणि नेम धरताना मला भूक लागायची, एवढाच काय तो दोष.

आता संशय उरला छऱ्यांवर. दहा मीटरचा छर्रा चपट्या तोंडाचा, कारण तो कागदात स्वच्छ गोल भोक पाडतो. त्याच्या डोक्याचा व्यास डब्यावर लिहिलेला असतो: ४.४९, ४.५०. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने ग्रुप बदलतो म्हणतात, आणि मी ४.५० चा पाचशेचा डबा वापरत होतो. हे कळल्यावर मला फार हायसं वाटलं. मॅडमना म्हटलं, तपासून बघू. त्यांनी रायफल टेबलावरच्या शिकंज्यात आवळली, चापाला फक्त बोट लावलं आणि पाच गोळ्या सोडल्या. कार्ड जवळ ओढलं. पाचही गोळ्यांचं मिळून एकच भोक होतं, किंचित लांबट.

"छर्रे छान आहेत," मॅडम म्हणाल्या. "रायफलही छान आहे." आणि पुढे काही बोलल्या नाहीत. तपासणीत तिसरी वस्तू कुठली उरली, ते तिथल्या आठवीतल्या पोरांनाही कळलं.

तरी पुढच्याच रविवारी मला टेन लागला. अगदी मधोमध, ठिपका पूर्ण गायब. फक्त तो माझ्या कार्डावर नव्हता. सरावाला एका कार्डावर पाच गोळ्या मारायच्या. शेजारच्या लेनवर तीच आठवीतली मुलगी होती, तिने कार्ड जवळ ओढलं तर भोकं सहा. माझ्या कार्डावर चार. तिने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. ह्याला क्रॉस फायर म्हणतात. मारणाऱ्याला शून्य, आणि शेजाऱ्याचं काही बिघडत नाही.

मॅडम काही म्हणायच्या आत मी २००४ चं अथेन्स काढलं. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स, थ्री पोझिशनची अंतिम फेरी, सुवर्ण खिशात, शेवटची एक गोळी बाकी, आणि ती त्याने शेजारच्या ऑस्ट्रियन ख्रिश्चन प्लानरच्या निशाणावर मारली. शून्य. पहिल्यावरून थेट आठवा. म्हणजे ही चूक ऑलिंपिक दर्जाची आहे. त्याच अथेन्समध्ये प्रोन प्रकारात एमन्सने सुवर्णही जिंकलं होतं, हा बारीक तपशील मी गाळला.

घरी जेवताना हे सगळं पुन्हा सांगितलं आणि वर जोडलं की त्या रात्री एमन्सची समजूत घालायला चेक नेमबाज कॅटरिना कुर्कोवा आली, पुढे दोघांनी लग्न केलं आणि २००८ मध्ये बीजिंगला तिने एअर रायफलचं सुवर्ण घेतलं. बायकोने आमटी वाढता वाढता शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि ती कुणाच्या मुलाची जुनी पँट घालत होती?" तिने विचारलं.

त्याच्या पुढच्या रविवारी ती शेजारच्या लेनवरची मुलगी सराव संपवून माझ्याजवळ आली. हातात तेच कार्ड. "काका, तुमचे छर्रे कुठले आहेत? माझ्या कार्डावर तुमचा सगळ्यात चांगला बसलाय." मी डबा काढून तिच्या हातात ठेवला, जवळजवळ भरलेलाच होता. ती नको नको म्हणत होती, मॅडमही नको म्हणाल्या, पण मी ऐकलं नाही. मला तसेही ते आता लागणार नाहीत. ४.४९ चे मागवलेत.